पंधरा वर्षांची मोटारसायकल: पासिंग होईल, पण भरवसा ठेवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारी २०११ मध्ये वडिलांच्या नावावर घेतलेली १०० सीसीची कार्बोरेटरवाली मोटारसायकल, ९४ हजार किलोमीटर चाललेली. वडिलांचे गुडघे दुखायला लागल्यापासून मुलगा चालवतो. रोज कराड ते उंब्रज आणि परत, साधारण ३५ किलोमीटर, बहुतेक हायवेनं. आता पंधरा वर्षांचं पासिंग, म्हणजे नोंदणी पुढे वाढवण्यासाठीची आरटीओची तपासणी, आलंय. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलू, बोअर-पिस्टन करू (सिलिंडर आतून घासून नवा पिस्टन घालू), टाकी आणि साइड पॅनेल रंगवू, नऊ-दहा हजारांत गाडी नवी होईल. मुलाचं विचारणं असं की आरटीओत नेमकं कशावर अडवतात, आणि एवढा खर्च करून गाडी अजून पाच वर्षं साथ देईल का?

मी सत्तावीस वर्षं दुचाक्यांचं गॅरेज चालवतोय आणि पासिंगच्या गाड्या घेऊन आरटीओत उभा राहिलोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न आहेत. पासिंग होणं ही एक गोष्ट, गाडी विश्वासाची असणं ही दुसरी. निरीक्षकाच्या हातात एका गाडीसाठी मोजकी मिनिटं असतात. तेवढ्यात जे डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं तेच तो बघू शकतो. तुम्हाला हायवेवर पाडणाऱ्या गोष्टी मात्र चाकाच्या आत आणि हँडलच्या खाली असतात. तुमच्या गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या यादीत त्यांतली एकही नाही, म्हणून मला हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी कागदांचं उरकून घेऊ. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण. 'पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते' हे जे ऐकू येतं तो दिल्ली परिसरातला नियम आहे, आपल्याकडे तसं नाही. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत करायचा. एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलची नूतनीकरण फी १,००० रुपये आहे, आणि उशीर केला तर महिन्याला ३०० रुपये जादा. त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचं प्रमाणपत्र) चालू हवं. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्यामुळे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली हवी. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा अजून दिसत असेल तर बँकेची एनओसी आत्ताच मागा, कारण बारा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा कागद शोधायला बँकेलाही वेळ लागतो. गाडी वडिलांच्या नावावर आहे तर सह्या त्यांच्याच लागतील.

आता गाड्या परत का पाठवतात ते. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त गाड्या चेसिस नंबरावर अडकतात. हँडलखाली, जिथे चेसिसचा गळा असतो तिथे नंबर ठोकलेला असतो. पंधरा वर्षांत त्यावर गंज चढतो, किंवा कुणीतरी रंगाचे दोन जाड हात मारलेले असतात. नंबर वाचता आला नाही तर बाकी गाडी कितीही चांगली असली तरी काम थांबतं. घरीच रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश घेऊन साफ करा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. अंक झिजले तर नंबर मुद्दाम खोडल्याचा संशय येतो आणि प्रकरण वेगळ्याच वाटेला लागतं. इंजिन नंबरही असाच तेल-मातीच्या थरातून मोकळा करा. गाडी रंगवायचीच असेल तर रंगवणाऱ्याला नंबरावर टेप लावायला सांगा.

दुसऱ्या कारणांत मोडतोड केलेल्या वस्तू येतात: आवाजाचा सायलेन्सर, काढून टाकलेले आरसे, न लागणारे इंडिकेटर, बदललेलं हँडल. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मागे बसणाऱ्याला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकणारा साडीगार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानं बंधनकारक आहे. तरुण पोरं गाडी हातात आली की पहिल्यांदा साडीगार्ड काढतात. तुम्ही काढला असेल तर माळ्यावरून शोधून परत बसवा. फक्त पासिंगपुरता नको. मागे आई बसते तेव्हा पदर चाकात जाऊ नये म्हणूनच तो आहे.

पीयूसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्या कागदावर इंजिनची तब्येत लिहिलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. तुमच्या गाडीच्या वयाच्या फोर-स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ४,५०० पीपीएम आहे. पहिला आकडा मर्यादेजवळ असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर चोंदलाय, चोक पूर्ण उघडत नाही किंवा कार्बोरेटर चुकीचा लावलाय. दोनशे-तीनशे रुपयांत भागणारं काम. दुसरा आकडा वर असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय किंवा ऑइल जळतंय. तेव्हा प्लग आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आधी बघायचे आणि पिस्टनच्या रिंगांवर संशय नंतर घ्यायचा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या पीयूसी शोधा. दर सहा महिन्यांचे आकडे ओळीनं ठेवले की इंजिन खोलायचं का नाही हे निम्मं कळतं.

उरलेलं निम्मं असं कळेल. ऑइल बदला, बदलताना पट्टीवर खूण बघून ठेवा आणि १,००० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. अशा इंजिनात ऑइल साधारण एक लिटरच्या आत-बाहेर असतं. त्यात शंभर मिली कमी झालं तर या वयाला मी ते ठीक धरतो. तीनशे मिली गेलं तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. धुराकडेही बघा. सकाळी पहिल्या किकला निळसर धूर येऊन लगेच थांबत असेल तर व्हॉल्व्हची सील गेलीत, त्यासाठी बोअर करायची गरज नाही. चालताना अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर मागे निळा धूर राहत असेल तर मात्र बोअर-पिस्टनला पर्याय नाही. थंडीत सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ म्हणजे नुसतं पाणी, तिला घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी एका किकला चालू होते आणि लिटरला ५५ पर्यंत देते. एवढ्यावरून मी तुमचं इंजिन खोलणार नाही. कंपनीनं जुळवलेलं इंजिन कारण नसताना खोललं की ते पुन्हा तितकं नेमकं बसेलच असं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. इंजिन बिघडायला लागलं की आवाज करतं, धूर काढतं, चढावर दम टाकतं. लोकांचं लक्ष जातं आणि पैसेही तिकडेच जातात. ब्रेक, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), मागच्या चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या सांध्यातले, बुश हळूहळू झिजतात आणि चालवणाऱ्याचा हात त्याला सरावत जातो. रोज केसभर जास्त दाबलेला पेडल कुणाला कळत नाही. म्हणून माझ्याकडे पासिंगची गाडी आली की मी खालून सुरुवात करतो, चाकापासून वर, आणि इंजिनला हात शेवटी लावतो.

मागचा ड्रम ब्रेक बघा. ब्रेकचा रॉड जिथे ड्रमच्या हाताला जोडलाय तिथे पिळायचा नट असतो. तो रॉडच्या शेवटापर्यंत पोहोचलाय का? पोहोचला असेल तर वर्षानुवर्षं ब्रेक ढिला झाला की नुसता नट पिळलाय, आत काय झालंय ते कुणी बघितलं नाही. तिथेच एक छोटा बाण आणि प्लेटवर खूण असते. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला भिडला तर ब्रेक शू संपले. यापुढची गोष्ट मात्र गॅरेजात बऱ्याचदा निसटते. नवे शू टाकूनही बाण खुणेजवळच राहिला तर ड्रमच आतून झिजलाय किंवा शू फाकवणारा कॅम झिजलाय. ड्रमच्या आत जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, १३० मिलिमीटरच्या ड्रमला बहुधा १३१. तेवढा झाला की हब, म्हणजे ड्रमसकट चाकाचा मधला भाग, बदलायचा. झिजलेला कॅम जास्त फिरला तर शूला उलथून धरतो आणि पेडल सोडला तरी चाक सुटत नाही. ओल्या रस्त्यावर असं झालं तर सावरायला वेळ मिळत नाही.

याच ब्रेक प्लेटला चिमट्याशी बांधून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. तिच्या टोकाला नट आणि नटाच्या आरपार एक पिन. २०१४ साली एका प्राथमिक शिक्षकांची गाडी मी पासिंगला नेली होती. ब्रेक, दिवे, टायर, सगळं केलं, गाडी पहिल्या फेरीत पास झाली. पासिंगच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी मागचं पंक्चर काढलं होतं आणि तेव्हा ती पिन परत लावायची राहिली होती. मी चाक खोललं नव्हतं, शू दोन महिन्यांपूर्वीच घातले होते, म्हणून तिकडे बघितलंच नाही. बारा दिवसांनी नट गळून पडला. ब्रेक दाबल्याबरोबर सगळी प्लेट फिरली, रॉड चाकात ओढला गेला आणि मागचं चाक जागेवर आवळलं. वेग कमी होता म्हणून खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं. ते सर आजही माझ्याकडेच येतात, पण त्या पिनेची जबाबदारी मी माझीच मानतो. तेव्हापासून कुठलीही गाडी बाहेर काढण्याआधी मी खाली वाकून बोटानं ती पिन चाचपतो. तुम्हीही पंक्चर काढल्यावर दर वेळी चाचपा. पाच रुपयांची वस्तू आहे.

कोनसेट घरी तपासता येतो. गाडी मधल्या स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. आता हँडल एका बोटानं डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश न्या. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेटच्या वाट्यांना छर्‍यांचे खड्डे पडलेत. पंधरा वर्षांच्या गाडीत ते पडतातच, कारण खड्ड्याचा प्रत्येक दणका हँडल सरळ असतानाच बसतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर वळवळते. चालवणाऱ्याला वाटतं टायरमध्ये हवा कमी आहे. काही जण हा सेट आवळून देतात. खडखड थांबते, पण खाच आणखी घट्ट होते. बदलणं हाच उपाय.

मग फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांची, खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, टकटक जाणवली तर पुन्हा कोनसेटच. फोर्कच्या नळीवर तेलाची कड दिसली तर ऑइल सील गेलंय. ते तेल ओघळून पुढच्या ब्रेकपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे पुढे ढकलू नका. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. नुसतं चाक हललं तर बेअरिंग, चाकासकट चिमटा हलला तर बुश. बुश गेलेली गाडी वळणावर मागून डुलते. आपल्याकडे हे लवकर होतं, कारण ऊस वाहतुकीच्या हंगामात चिखलाचे गोळे रस्त्यावर असतात आणि आपण गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुतो. ते पाणी ग्रीस काढून आत जाऊन बसतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात तुमची गाडी पाण्यात होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर सगळी बेअरिंगं आणि बुश न तपासता सरळ बदला. पुरातल्या गाड्या धुवून चालू झाल्या, पण त्यांतल्या कितीतरी गाड्यांचे चाकांचे बेअरिंग दोन-तीन वर्षांनी एकदम गेलेले मी काढलेत.

टायरची नक्षी सगळे बघतात, वय कुणी बघत नाही. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. १४१८ म्हणजे २०१८ सालचा चौदावा आठवडा. सात-आठ वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झाल्यामुळे पावसात धरत नाही, आणि बाजूला बारीक भेगा असतील तर बोलायलाच नको. चेनसेट बदलायचा तर चेन आणि दोन्ही चक्रं एकत्र बदला. नुसती चेन टाकली तर जुने वाकडे दात नव्या चेनला काही महिन्यांत खाऊन टाकतात.

दिव्यांबाबत उंब्रजचा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसता ते फक्त मागच्या दिव्यामुळे. बऱ्याच जुन्या गाड्यांत हाताचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागतो, पायाचा दाबल्यावर लागत नाही, कारण पेडलजवळच्या स्विचची स्प्रिंग गंजलेली असते. दोन्ही वेगवेगळे तपासा. त्या काळच्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट कॉइलवर चालतो, त्यामुळे गाडी उभी असताना तो मंद असतो. यावर लोक ९० वॅटचा बल्ब बसवतात. कॉइल तेवढं देऊ शकत नाही आणि होल्डर वितळतो. बल्ब मूळ वॅटचाच ठेवा, हेडलाइटची काळवंडलेली वाटी बदला, पुढच्या वायरींच्या अर्थिंगचा गंज खरवडा. उजेडात पडलेला फरक पहिल्या रात्रीच कळेल.

पेट्रोलबद्दल एवढंच: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि तुमची गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधले रबर वर्षातून एकदा बघा. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. इथेनॉल पाणी धरतं आणि गंज टाकीच्या तळापासून सुरू होतो.

खर्च गाडीवर आणि गावावर अवलंबून आहे, पण माझ्याकडे आज मजुरीसकट ढोबळ अंदाज असा बसतो: दोन्ही चाकांचे ब्रेक शू सहाशे ते आठशे, कोनसेट सातशेच्या आसपास, चाकांची बेअरिंगं आणि चिमट्याचे बुश मिळून हजार-बाराशे, चेनसेट बारा-तेराशे, आणि लागलेच तर दोन टायर-ट्यूब साडेतीन हजार. म्हणजे तुमच्या गॅरेजवाल्यानं इंजिन आणि रंगाला जेवढे सांगितले त्याहून थोडे कमीच. सगळंच लागेल असंही नाही. नवी १०० सीसी घ्यायची तर पाऊण लाखाच्या आसपास तयारी ठेवावी लागते.

तरीही प्रत्येक जुनी गाडी ठेवावी असं माझं म्हणणं नाही. तीन गोष्टींत मी गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो. चेसिस नंबर गंजानं खरोखरच खाल्ला असेल तर. बॅटरीच्या पेटीखाली किंवा मधल्या स्टँडच्या पिनेपाशी फ्रेमला तडा असेल तर. तिथे बॅटरीचं अ‍ॅसिड आणि चिखल दोन्ही साचतात, आणि म्हणूनच तपासण्याआधी रंग देऊ नये, रंगाखाली तडा झाकला जातो. आणि कधीकाळी जोराचा अपघात होऊन फ्रेम वाकली असेल तर. शिवाय एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस किंवा चाक आवळू न देणारी एबीएस सक्तीची झाली, तुमच्या गाडीत ती नाही. हायवेवर रोज ३५ किलोमीटर जाताना पुढच्या वाहनापासून अंतर जास्त ठेवावं लागेल, आणि ते कुठल्याही दुरुस्तीनं भरून निघणार नाही.

त्यामुळे गाडी गॅरेजात सोडण्याआधी रविवारी एक काम करा. ती मधल्या स्टँडवर सरळ उभी करा, हँडल सरळ धरायला वडिलांना सांगा. सुतळीचा लांब दोरा मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, टायरच्या कडांना टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणा. पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधोमध यायला हवं. एका बाजूला सरकलेलं दिसलं तर आधी मागच्या चाकाच्या चेन-अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत का ते बघून घ्या. त्या सारख्या असूनही चाक मध्ये येत नसेल तर फोर्क किंवा फ्रेम वाकलीय, मग एक रुपयाही घालू नका आणि आधी मला दोऱ्याचा फोटो पाठवा. चाक मधोमध आलं तर वर सांगितलेल्या क्रमानं मागच्या ब्रेकपासून काम सुरू करायला सांगा, आणि खोललेले जुने शू, वाट्या, बुश पिशवीत घालून परत मागून घ्या.